डोक्यावरच्या लाथेचे तीन गुण

संध्याकाळचे पाच वाजले की वस्तीतली पोरं-पोरी पांढरा ड्रेस घालून, कमरेला पट्टा आवळून क्लासला निघतात. कुठे शाळेच्या पटांगणात, कुठे समाजमंदिराच्या हॉलमध्ये, तर कुठे सरळ मोकळ्या रस्त्यावर तायक्वांदो चालतो. आई-वडिलांना त्याचे कौतुक असते आणि ते रास्तच आहे. पोरगी रस्त्याने ताठ मानेने चालायला लागते, पोरगा मोबाईल सोडून घाम गाळतो, स्पर्धेचे सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लागते.

मग एखाद्या दिवशी तोच पोरगा घरी येऊन म्हणतो, "आई, डोकं जड झालंय." आई म्हणते, ऊन लागलं असेल. बाप म्हणतो, एवढ्याने काय होतं, कराटेवाला आहेस ना तू. पोरगा जेवण नको म्हणतो आणि लवकर झोपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्लास. काल सरावात लाथ लागली होती का, हे कुणी विचारत नाही. तोही सांगत नाही, कारण सांगितले तर क्लास बंद करतील ही त्याला भीती.

तायक्वांदो हा खेळ कोरियाचा. आपण इथे ज्या गोष्टी मुकाट्याने मान्य करतो त्यांवर खुद्द कोरियातले वस्ताद, खेळाडू आणि पंच वर्षानुवर्षे आपसात भांडत आले आहेत. लाथ डोक्यावर मारावी का, मारली तर किती जोरात? वजन उतरवून खेळावे का? पाय ताणून ताणून किती ताणावेत? शिस्त म्हणजे शिक्षा का? त्या भांडणात आपल्या मुलांचे डोके, गुडघे आणि पोट अडकलेले आहे. म्हणून ते आरोग्याच्या पानावर घेतले आहे.

आधी थोडी ओळख. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानला शिकायला गेलेले काही तरुण तिथे कराटे शिकून परतले आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी सोल शहरात आपापले आखाडे काढले. आखाड्याला तिकडे 'क्वान' म्हणतात. पुढे १९५५ मध्ये 'तायक्वांदो' हे नाव आले. ते पुढे आणणारे छ्वे होंग-ही हे लष्करातले जनरल होते. आमची विद्या दोन हजार वर्षांची आहे असे एक बाजू म्हणते, ती कराट्याची धाकटी बहीण आहे असे दुसरी म्हणते. हा वाद आजही मिटलेला नाही आणि आपल्याला त्यात पडायचे कारण नाही.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. या विद्येच्या दोन मोठ्या जागतिक संघटना आहेत. एक १९६६ मध्ये जनरल छ्वे यांनी काढलेली, दुसरी १९७३ मध्ये सोलला स्थापन झालेली. ऑलिम्पिकचे सामने दुसरीच्या नियमांनी होतात. पहिलीच्या नियमात मुठीने तोंडावर मारता येते, पण हातापायांत गादीचे मोजे घालून आणि हलक्या हाताने. दुसरीच्या नियमात तोंडावर मूठ अजिबात चालत नाही, पण लाथ डोक्यावर पूर्ण जोरात चालते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन क्लासच्या पाटीवर नाव एकच, ड्रेस जवळपास सारखाच, पण मुलाच्या डोक्याला असलेला धोका वेगळा. तुमचे मूल कोणत्या पद्धतीचा तायक्वांदो खेळते हे त्याच्या सरांना विचारले तर त्यांना राग येण्याचे कारण नाही.

गुण वाढले, लाथ वर गेली

२००० साली सिडनीला तायक्वांदो पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून ऑलिम्पिकमध्ये आला. तेव्हा लाथ छातीला लागो की डोक्याला, गुण एकच. पुढे नियम बदलत गेले. आज छातीच्या गार्डवर लाथ लागली तर २ गुण, डोक्याला लागली तर ३, गिरकी घेऊन छातीवर मारली तर ४ आणि गिरकी घेऊन डोक्यावर मारली तर ५. मुठीने छातीवर मारले तर बिचारा एकच. खेळ बघायला रंगतदार व्हावा आणि अवघड लाथेला जास्त मोल मिळावे हा त्यामागचा विचार होता. पण ज्याला जास्त गुण त्याचा जास्त सराव हे ओघाने आले. ऑलिम्पिकसाठी केलेला हिशेब झिरपत झिरपत आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या क्लासपर्यंत पोचतो.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून छातीच्या गार्डमध्ये आणि २०१६ च्या रिओपासून हेडगार्डमध्येही इलेक्ट्रॉनिक यंत्र आले. लाथेचे गुण केवळ पंचाच्या नजरेवर द्यायचे दिवस गेले, लाथ लागल्याची नोंद यंत्रच करते. पक्षपाताची ओरड त्याने बरीच कमी झाली. पण जुने वस्ताद चिडले. यंत्राला जोर थोडा पुरतो, म्हणून खेळाडू एक पाय उचलून हवेत धरून ठेवतात आणि नुसते टेकवल्यासारखे करून गुण मिळवतात. कोरियन लोकांनीच याला 'पायांची तलवारबाजी' असे टोमण्याचे नाव ठेवले आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कोरियाला या खेळात एकही सुवर्ण मिळाले नाही. पदकाचा खेळ झाल्यापासून असे पहिल्यांदाच घडले, आणि आपण लाथेतला दम घालवला अशी हळहळ तिकडे वाढली.

त्याआधीच, २०२० च्या सुरुवातीला, कोरियाच्या राष्ट्रीय संघटनेने एक नवी लीग सुरू केली होती. व्हिडिओ गेममध्ये असते तशी प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे ताकदीची पट्टी. लाथ जितकी जोरात, तितकी समोरच्याची पट्टी घटणार. प्रेक्षकांना ते आवडले. जुन्या लोकांनाही वाटले की हा खरा तायक्वांदो.

मला मात्र इथे जुन्या वस्तादांशी सहमत होता येत नाही. टेकवून गुण मिळवणे बघायला कंटाळवाणे असेल, पण ज्या पोराच्या डोक्याला पाय नुसता टेकला त्याची आई रात्री शांत झोपते. जोर परत आणायचा तर तो छातीच्या गार्डवर आणा. डोक्याचे काय करायचे, हा प्रश्न जोराच्या बाजूचे लोक टाळतात.

हेडगार्ड घातला की डोके सुरक्षित झाले असे आपल्याला वाटते. हेडगार्डने जखम वाचते, खोक पडत नाही, जमिनीवर आपटल्यावर कवटीला मार कमी लागतो. म्हणून तो घालायलाच हवा. पण मेंदूचा हादरा तो थांबवू शकत नाही. पाण्याने भरलेल्या डब्यात एक लिंबू टाका आणि डबा गपकन हलवा. डब्याला बाहेरून कितीही चिंध्या गुंडाळल्या तरी आतले लिंबू डब्याच्या भिंतीला आपटतेच. कवटीतल्या मेंदूचे तसेच होते. यासाठी बेशुद्ध पडावे लागत नाही. मेंदूला हादरा बसलेली बहुतेक मुले शुद्धीवरच असतात, उभीही असतात आणि "मी ठीक आहे सर" असेच म्हणतात.

सामन्यात दुखापत झाली की पंच 'काल्यो' म्हणून दोघांना वेगळे करतो आणि 'केशी' म्हणून वेळ देतो. ही वेळ एक मिनिट. मेंदूच्या हादऱ्याची रीतसर तपासणी करायला डॉक्टरला किमान दहा मिनिटे लागतात. एक मिनिटात कळते ते एवढेच की पोरगा उभा राहतो की नाही. डोक्यावर लाथ बसून नॉकआउट झालेल्या खेळाडूला ३० दिवस सामना खेळू द्यायचा नाही असा जागतिक संघटनेचा नियम बरीच वर्षे आहे. नियम चांगला आहे, पण तो स्पर्धेपुरता. सरावात कुणी कागद भरत नाही, आणि लाथा तर सरावातच जास्त लागतात.

डोके वगळून हा खेळ खेळता येत नाही असे कुणी म्हणाले तर त्याला पॅरालिम्पिक दाखवा. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तायक्वांदो पहिल्यांदा आला. त्याच्या नियमात डोक्यावर लाथ मारायला मनाई आहे, तरी सामने चुरशीचे झाले. हरियाणाची अरुणा तंवर त्यात खेळली. या खेळात पॅरालिम्पिकला उतरलेली ती पहिली भारतीय. काही देशांच्या संघटनांनी लहान मुलांच्या गटातही डोक्यावरची लाथ बंद केली आहे. त्या देशांत तायक्वांदो बुडालेला नाही.

घरी काय बघायचे ते नीट लक्षात ठेवा. लाथ लागल्यावर किंवा पडल्यावर डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, मघाशी काय झाले ते न आठवणे, उगाच चिडणे किंवा रडणे, गुंगल्यासारखे वाटणे, यातले एक जरी दिसले तरी त्या दिवशीचा क्लास संपला. एक-दोन दिवस विश्रांती द्या, टीव्ही-मोबाईल कमी करा आणि डॉक्टरला दाखवा. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवायची मात्र गरज नसते. त्रास वाढत नसेल तर दोन दिवसांनी हळूहळू चालणे-फिरणे सुरू करता येते. आधी शाळेचा अभ्यास नीट जमला पाहिजे, मग हलका व्यायाम, मग एकट्याने लाथांचा सराव. समोरासमोरची लढत सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरने हो म्हटल्यावरच. पहिला हादरा उतरायच्या आत दुसरा बसला तर क्वचित पण जीवघेणी सूज येऊ शकते.

पुन्हा पुन्हा उलटी, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, हातापायात कमजोरी, बोबडी वळणे, एक बाहुली मोठी एक लहान दिसणे, हलवूनही नीट जागे न होणे, असे काही दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात न्या. "डोक्याला मार लागलाय" हे शब्द केसपेपर काढतानाच सांगा. नाहीतर उलटी म्हणून पोटाचे औषध हातात देतील.

बरेच जण विचारतात, मार लागल्यावर झोपू द्यावे का? डॉक्टरने तपासून घरी पाठवले असेल आणि मूल नीट बोलत असेल तर झोपू द्या. झोप त्याला हवीच असते. फक्त पहिल्या रात्री कुणीतरी त्याच्याजवळ झोपावे.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये घडलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. पुरुषांच्या ५८ किलो गटाची फायनल कोरियाचा पार्क ते-जून आणि अझरबैजानचा गाशिम मागोमेदोव यांच्यात होती. मागोमेदोवचा पाय दुखावला होता. तो वेदनेने वळत असतानाच पार्कने लाथ मारली आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा करून निषेध केला. पार्कचे म्हणणे असे की पंच थांब म्हणेपर्यंत पूर्ण खेळणे हाच समोरच्याचा मान. नियमाने तो चुकला नव्हता. पुढे त्याच पार्कने मागोमेदोवला आधार देत पदक घ्यायला नेले. त्यानंतर जिथे जिथे तायक्वांदो शिकवला जातो तिथे यावर खल झाला असणार. एक म्हणणार थांबवणे पंचाचे काम, दुसरा म्हणणार डोळे खेळाडूलाही आहेत. मोठ्यांच्या फायनलमध्ये पार्कचे म्हणणे टिकेलही. दहा वर्षांच्या पोरांच्या सरावात मात्र समोरच्याने पाय धरला की आपण थांबायचे, हे सरांनी पहिल्या दिवशीच शिकवायला हवे.

उपाशी पोटी वजनकाटा

दुसरे भांडण वजनाचे. जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आठ आणि महिलांचे आठ गट असतात. ऑलिम्पिकमध्ये ते निम्मे, चार-चारच. महिलांचे ४९, ५७, ६७ किलो आणि त्यावरचे. गट लांब लांब पडल्यामुळे मधल्या वजनाच्या खेळाडूने खाली उतरायचे की वर चढायचे हा प्रश्न येतो, आणि बहुतेक जण खाली उतरतात. उंच शरीर हलक्या गटात नेले की पाय लांब पोचतो.

पॅरिसला ५७ किलोत सुवर्ण जिंकणारी कोरियाची किम यू-जिन १८३ सेंटिमीटर उंच आहे. एवढ्या उंचीला ५७ किलो म्हणजे बीएमआय साधारण १७. डॉक्टर १८.५ च्या खाली गेले की वजन कमी म्हणतात. वजन सांभाळायला आपल्याला किती त्रास झाला हे तिने स्वतः सांगितले आहे. तिच्यामागे आहारतज्ज्ञ होते, डॉक्टर होते, सरकारी प्रशिक्षण केंद्र होते. आपल्या वस्तीतल्या मुलीमागे कोण आहे? "दोन किलो उतरव, नाहीतर गट बदलेल" एवढे सरांचे वाक्य आणि घरातले उरलेले जेवण.

जागतिक संघटनेलाही हे दिसले होते. वजन आदल्या दिवशी होते, म्हणून खेळाडू पाणी तोडून वजन उतरवायचे आणि रात्रीतून खाऊन-पिऊन पुन्हा वाढवायचे. त्यावर उपाय म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी कुणालाही बोलावून पुन्हा वजन करण्याची पद्धत आली. गटापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त भरले तर खेळाडू बाद. म्हणजे ५७ किलोच्या मुलीला रात्रीतून तीन किलोही वाढवता येत नाहीत. पण गल्लीतल्या आणि तालुक्याच्या स्पर्धेत कोण दुसऱ्यांदा काटा लावतो?

पावसाळी जॅकेट घालून उन्हात पळवणे, दिवसभर पाणी न देणे, थुंकी काढायला लावणे, जुलाबाची गोळी देणे, हे सगळे प्रकार चरबी घटवत नाहीत, फक्त अंगातले पाणी काढतात. त्याने पायात गोळे येतात, चक्कर येते, ऊन लागते, मूत्रपिंडावर ताण पडतो. शिवाय अंगात पाणी नसलेला खेळाडू मंद होतो आणि समोरून येणारी लाथ चुकवू शकत नाही. वाढीच्या वयातल्या मुलीने सतत कमी खाल्ले तर पाळी लांबते किंवा बंद होते, हाडे कच्ची राहतात. आपल्याकडे मुलींच्या अंगात रक्त आधीच कमी असते. तेव्हा वजन उतरवायचे फर्मान आले तर सरळ सांगा, आमची मुलगी आहे त्या वजनाच्या गटात खेळेल. हरली तर हरली. सामन्याच्या दिवशी भाकरी, केळी, उकडलेले अंडे, मूठभर शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी एवढे पोटात असले तरी पुष्कळ.

आता पाय. मांड्या पूर्ण उघडून जमिनीला टेकवण्याच्या प्रकाराला कोरियन भाषेत सरळ 'पाय फाडणे' असाच शब्द आहे. जुन्या आखाड्यांत भिंतीला टेकवून बसवायचे आणि वरून कुणीतरी दाबायचे. पोरगा किंचाळला की हसायचे. आता तिथले बरेच शिक्षक असे दाबणे सोडा म्हणतात, कारण त्याने मांडीचा स्नायू बैठकीच्या हाडापासून सुटू शकतो, आणि वाढत्या मुलात तो हाडाचा तुकडाच घेऊन सुटतो. ताण आधी अंग गरम करून, स्वतःचा स्वतः आणि हळू द्यायचा असतो. दुसऱ्याने पाठीवर बसून तो द्यायचा नसतो.

गुडघ्याचे दुखणे बरेचसे जमिनीमुळे. गिरकीच्या लाथेत एक पाय हवेत आणि दुसऱ्याच्या चवड्यावर अख्खे शरीर फिरते. चवडा फिरला नाही तर तो पीळ गुडघ्यात जातो. खडबडीत सिमेंटवर अनवाणी चवडा फिरत नाही, आणि फरशीवर पाणी असेल तर जास्तच फिरतो. मॅट घेणे परवडत नसेल तर वर्गणी काढा, पण गिरक्या मॅटवरच होऊ द्या. गुडघ्याच्या वाटीखालचे हाड दहा ते पंधरा वयात दुखून फुगत असेल तर ते वाढीच्या जागेवरचा ताण असतो. उड्या आणि लाथा काही आठवडे कमी केल्या, बर्फाने शेकले, की बहुतेकांना आराम पडतो. फळ्या-कौले फोडायचा तमाशा मात्र लहान मुलांनी करूच नये. बोटांची हाडे अजून कोवळी असतात आणि मोबाईलवरच्या व्हिडिओखेरीज त्यातून काही मिळत नाही.

किहापचे दोन अर्थ

लाथ मारताना मुले पोटातून ओरडतात, त्याला 'किहाप' म्हणतात. आपल्या पोरांना हा शब्द माहीत आहे. पण कोरियात याच शब्दाचा दुसराही अर्थ आहे. लष्करात आणि जुन्या शाळांत 'किहाप देणे' म्हणजे शरीराला शिक्षा देणे. हात पाठीमागे बांधून डोके जमिनीला टेकवून ओणवे ठेवायचे, तासभर बैठका मारायला लावायच्या. आपल्याकडचा कोंबडा याच जातीचा. तायक्वांदो वाढला तो लष्कराच्या सावलीत, म्हणून हे आखाड्यात आले असे मला वाटते. मार खाऊन शिकलेला वस्ताद पुढे मारूनच शिकवतो, आणि विचारले तर म्हणतो, आम्ही नाही का झालो मोठे?

कोरियाने हे बदलायला घेतले आहे. २०२१ मध्ये तिथल्या कायद्यातून आई-वडिलांचा मुलांना शिक्षा करायचा हक्कसुद्धा काढून टाकला. पण कायदा झाला म्हणून सगळे सुटत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये यांगजू शहरातल्या एका तायक्वांदो क्लासमध्ये शिक्षकाने एका लहानग्या मुलाला गुंडाळी केलेल्या मॅटमध्ये उलटे कोंबून वीस मिनिटांहून जास्त वेळ तसेच ठेवले. श्वास कोंडून ते मूल बेशुद्ध झाले आणि काही दिवसांनी दवाखान्यात गेले. कोर्टाने त्या शिक्षकाला ३० वर्षांची शिक्षा सुनावली. सगळा देश हादरला. कारण कोरियात तायक्वांदोचा क्लास म्हणजे नोकरी करणाऱ्या आई-बापांचा मोठा आधार. शाळा सुटली की क्लासची गाडी येते, मुलांना घेऊन जाते, व्यायाम घेते, दोरीच्या उड्या घेते आणि संध्याकाळी घरी सोडते. ज्या जागी मूल सुरक्षित आहे असे मानले होते तिथेच हे घडले.

आपल्यालाही हे लागू आहे. काम करणारी आई संध्याकाळी मुलाला क्लासला पाठवते तेव्हा ती एका माणसावर भरवसा टाकते. त्या माणसाने दार बंद करून शिकवू नये. आई-वडिलांनी कधीही येऊन बसावे आणि त्याला ते चालावे. मूल क्लासला जायला अचानक नाही म्हणायला लागले, पोटात दुखते म्हणायला लागले, तर आळस म्हणून धपाटा घालू नका. मारतात का, ओणवे ठेवतात का, कुणी अंगाला हात लावतो का, हे शांतपणे विचारा. मुलींना तर विचाराच.

एवढे सगळे वाचून कुणी उद्यापासून क्लास बंद करू नये. या विद्येने माणसे उभीही केली आहेत. कोरियाच्या इन क्यो-दोन या खेळाडूला २०१४ मध्ये लिम्फोमा नावाचा गाठींचा कॅन्सर निघाला. उपचार घेत घेत तो पुन्हा मॅटवर आला आणि टोकियोला ८० किलोवरच्या गटात त्याने कांस्यपदक मिळवले. जॉर्डनमधल्या अझ्राक निर्वासित छावणीत सिरियातून जीव घेऊन आलेली मुले पत्र्याच्या घरांमध्ये राहून तायक्वांदो शिकतात. तिथे शिकलेला याह्या अल घोतानी पॅरिसला निर्वासितांच्या संघातून ऑलिम्पिक खेळला.

आणि लढत हा या विद्येचा एक भाग आहे, सगळी विद्या नव्हे. 'पूमसे' म्हणून ठरलेल्या हालचालींची एक मालिका असते. वळायचे, अडवायचे, ठोसा, लाथ, श्वास, पुन्हा वळायचे, समोर कुणीच नाही. तिच्या जागतिक स्पर्धा २००६ पासून होतात आणि त्यात साठीच्या पुढच्या बाया-माणसांचेही गट असतात. लाथ गुडघ्याएवढी वर गेली तरी चालते. तोल सुधारतो, मांड्यांत बळ येते, पाठ मोकळी होते, आणि म्हातारपणी पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याची भीती कमी होते.

आपल्याकडे मुलांना सोडायला आलेल्या आया आणि आज्या तासभर कठड्यावर बसून असतात. कुणी गुडघे चोळत असते, कुणाची शुगर वाढलेली असते. सरांनी त्यांना शेवटच्या रांगेच्या मागे उभे केले आणि पहिला पूमसे सावकाश करून घेतला, तर जागा एका चटईएवढी लागते.